पाटीच्या आतली बाजू

नलूकाकूंचा फोन आला तेव्हा मी नॉटिंगहॅमच्या सुपरमार्केटमध्ये बटाट्यांसमोर उभा होतो. "मिलिंद, काका गेले रे, पहाटे," त्या म्हणाल्या. मी "अरे..." म्हणालो आणि एक बटाटा उचलून परत ठेवला. काकूंनी नाक ओढलं आणि एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "येशील ना? आणि येताना जाड पांढरा कागद घेऊन ये. ग्रीटिंग कार्डाचा असतो ना, तसला. चकचकीत नको, सांगून ठेवते." मी विचारलं, "कशाला हो काकू?" तर म्हणाल्या, "आलास की सांगते." आणि फोन ठेवला.

आता नवरा जाऊन चार तास झालेली बाई ज्याच्याकडे कागद मागते, त्याने निदान तो कागद तरी नीट आणावा! मी घाईघाईत स्टेशनरीच्या दुकानात शिरलो आणि जे सगळ्यांत महाग होतं ते पाकीट उचललं. लंडनच्या ट्रेनमध्ये उघडून पाहिलं तर फोटो छापायचा कागद. इतका चकचकीत, की त्यात मला माझा चेहरा दिसला. दुःखात माणसाचं डोकं चालत नाही म्हणतात. माझं सुखातही चालत नाही, आणि हे ज्यांना सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं त्या सदाशिव खांबेट्यांच्याच अंत्यविधीला मी निघालो होतो.

खांबेटेकाका माझे नात्याने कोणी नव्हते. दोन हजार एक साली पुण्याच्या एका कंपनीने मला सहा महिन्यांसाठी लंडनला पाठवलं. ते सहा महिने वाढत गेले, आणि कुणाच्या तरी ओळखीने मी हाउन्सलोला, लंडनच्याच एका उपनगरात, त्यांच्या वरच्या खोलीत पेइंग गेस्ट म्हणून राहायला आलो. पहिल्या दिवशी जेवायला खाली उतरलो तर टेबलावर माझ्या ताटापुढे एक पाटी. पांढऱ्या जाड कागदाची, तंबूसारखी घडी घालून उभी केलेली, आणि तिच्यावर काळ्या शाईत, टपोऱ्या, ताठ अक्षरांत: मिलिंद साठ्ये. काकांच्या ताटापुढे त्यांची, काकूंच्या ताटापुढे त्यांची. माणसं तीन, पाट्या तीन. मला वाटलं, म्हातारा जरा हा आहे. "काका, आपण तिघंच तर आहोत, कोण कोण आहे ते माहीतच आहे की," मी म्हणालो. काका भात कालवत म्हणाले, "आपल्याला माहीत आहे. खुर्चीला माहीत नको?" काकू म्हणाल्या, "त्यांच्या नादी लागू नकोस, आमटी गार होईल. आणि पाटी हलवायची नाही हं, शाई लागते हाताला." मी पाटी हलवली नाही. दोन वर्षं हलवली नाही. तिच्यावर आमटी सांडली, कितीदा चष्मा वाळत ठेवला, पण ती उचलून पाहिली नाही... याचं पुढे काय झालं ते सांगतोच.

पाट्या लिहिणं हा काकांचा निम्मा पेशा होता. लंडनमध्ये एक छोटं कार्यालय होतं, समुद्रात विखुरलेल्या नऊ चिमुकल्या बेटराष्ट्रांनी मिळून चालवलेलं. राष्ट्रांची नावं सांगत नाही. सांगितली तरी तुम्हाला नकाशात सापडायची नाहीत, मला तिथे दोन वर्षं काम करून सापडली नाहीत. काही तर एवढी लहान, की आपल्याकडच्या एखाद्या तालुक्यातल्या बाजाराच्या दिवशी त्यांच्या अख्ख्या लोकसंख्येपेक्षा जास्त माणसं जमतील. पण प्रत्येकाला झेंडा, प्रत्येकाला पंतप्रधान, आणि वर्षातून दोनदा लंडनला सगळ्यांची बैठक. बैठकांची सगळी तयारी काकांकडे: खोल्या, कागदपत्रं, कोण कुणाशेजारी बसणार, कुणाला मासे चालत नाहीत. आणि टेबलावरच्या पाट्या. त्या ते स्वतः लिहीत, बोरूने. लहानपणी शाळेतल्या गुरुजींनी शिकवलेला बोरू. इथे गार्डन सेंटरमधून टोमॅटोच्या झाडाला आधार द्यायच्या बांबूच्या काठ्या आणायच्या, त्या कापून, टोक तासून, मध्ये चीर पाडून हा माणूस पंतप्रधानांची नावं लिहायचा.

आणि पंतप्रधान सारखे बदलायचे! निवडणुका तर होत्याच. शिवाय सभागृहात जेमतेम पंधरा-वीस सभासद, त्यातला एकजण रुसून पलीकडे जाऊन बसला की सरकार पडलं. सकाळी फॅक्स यायचा, काका चष्मा कपाळावर सारून वाचायचे आणि म्हणायचे, "गेला बिचारा. कागद काढ." मला याची मोठी गंमत वाटायची. मी म्हणायचो, "काका, पेन्सिलीने लिहीत जा, खोडता येईल." ते हसायचे नाहीत. म्हणायचे, "माणूस खोडायचा नसतो रे. पुढचा लिहायचा असतो."

मी तिथे शिरलो तोही काकांमुळेच. माझ्या कंपनीचं कंत्राट संपत आलं होतं, व्हिसाचा प्रश्न होता, आणि कार्यालयाला आपल्या सगळ्या नावांच्या, पत्त्यांच्या याद्या कॉम्प्युटरवर हव्या होत्या. काका कार्यालयाच्या प्रमुख मॅडमना म्हणाले, आमच्या वरच्या खोलीत एक मुलगा आहे, हुशार आहे. (काकांनी आयुष्यात केलेलं हे एकमेव चुकीचं विधान.) तेव्हापासून आम्ही दोघं रोज पिकॅडली लाइनच्या ट्रेनने बरोबर जायला लागलो. मी उभ्या उभ्या झोपायचो आणि काका समोरच्या प्रवाशांची नावं काय असतील याचा अंदाज करत बसायचे.

पहिल्याच बैठकीत एक गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली. पंतप्रधान मंडळी आत आली की खुर्चीत बसण्याआधी प्रत्येकजण आपली पाटी उचलायचा, डोळ्यांजवळ नेऊन तिच्या घडीत डोकवायचा आणि मग परत ठेवायचा. कुणी हसायचं. कुणी जरा गंभीर व्हायचं. एका जाडजूड बाईंनी तर पाटीवर हलकेच थाप मारली, एखाद्या लेकराच्या डोक्यावर मारावी तशी. मी काकांना विचारलं, "हे काय बघतात?" काका म्हणाले, "शाई वाळली का ते बघत असतील." मी म्हटलं, "सगळे?" "ओल्या शाईची मोठी माणसं फार धास्ती घेतात," काका म्हणाले आणि चहाचं बघायला निघून गेले. मला हे पटलं नाही. पण बैठक संपली की काका सगळ्या पाट्या स्वतः गोळा करून पत्र्याच्या डब्यात ठेवायचे आणि डब्याला कुलूप, त्यामुळे माझी उत्सुकता तिथेच राहायची.

आता माझा पराक्रम सांगतो. दोन हजार तीनच्या हिवाळ्यातली बैठक नेहमीसारखी नव्हती. नऊ बेटांनी मिळून एक जहाज घ्यायचं होतं. सामायिक जहाज: धान्य, औषधं, शाळेची पुस्तकं, आजारी माणसं, बकऱ्या, सगळं या बेटावरून त्या बेटावर नेणारं. एकट्याने कुणालाच परवडणारं नव्हतं. नवांपैकी एकाने जरी सही नाकारली तरी करार बारगळणार होता. काका या जहाजासाठी सहा वर्षं पत्रं लिहीत होते, माणसांना शेजारी शेजारी बसवत होते. मी एकदा विचारलं, "काका, तुम्हाला का एवढं त्या बोटीचं?" काका म्हणाले, "आमच्या गावाला पावसाळ्याचे चार महिने बोट बंद असायची." मग खिडकीकडे वळून म्हणाले, "माझी ताई त्याच चार महिन्यांत गेली." त्यानंतर मी पुन्हा विचारलं नाही.

बैठकीच्या तीन आठवडे आधी काकांची कंबर धरली आणि ते अंथरुणाला खिळले. मॅडम मला म्हणाल्या, यादी तुझ्याकडे आहेच, आमंत्रणं पाठव आणि या वेळी पाट्या प्रिंटरवरच काढ. मला तर मूठभर मांस चढलं. यादीत एकच माणूस दोन-दोनदा आला होता, कुठे पत्ता जुना, कुठे फोन नवा. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला: देश एक, आडनाव एक, नावाचं पहिलं अक्षर एक, म्हणजे माणूस एक. दोन्हींतली जास्त माहिती भरलेली नोंद ठेवायची, दुसरी उडवायची. यादी कशी लख्ख झाली! मी काकांना घरी येऊन ऐकवलंसुद्धा, "तुमच्या यादीतली बावीस माणसं खोटी होती." काका पडल्या पडल्या म्हणाले, "बावीस? बघ हो नीट. बेटावर आडनावं चारच असतात." मी हसलो. म्हातारा कॉम्प्युटरला घाबरतो, असं मला वाटलं.

बैठकीच्या दिवशी सकाळी काका कमरेला पट्टा बांधून, माझ्या खांद्यावर हात ठेवून हजर झाले. साडेनऊला लिफ्टमधून एका देशाचे पंतप्रधान उतरले. शिडशिडीत, चष्मा लावलेले, पूर्वी शाळामास्तर असलेले. दीडच महिना झाला होता निवडून येऊन. त्यांना आपण 'धाकटे' म्हणू. आणि पाचच मिनिटांनी जिन्याने धापा टाकत, टायखाली फुलाफुलांचा शर्ट, हातात आमच्या लेटरहेडचं पत्र घेऊन उगवले 'थोरले'. म्हणजे याच धाकट्यांनी ज्यांना निवडणुकीत पाडलं, ते. दोघांचा देश एक, आडनाव एक, पहिलं अक्षर एक. माझ्या प्रोग्रॅमने दोघांतला एक खोटा ठरवला होता आणि उडवला होता पंतप्रधान. थोरले दहा वर्षं सत्तेवर, त्यामुळे त्यांची माहिती जास्त भरलेली! आमंत्रण गेलं त्यांच्या घरी, तिथून फिरत फिरत इथे शिकणाऱ्या त्यांच्या मुलीकडे. (धाकट्यांना तारीख सरकारी कागदांतून आधीच ठाऊक होती, ते आपले आमंत्रणाशिवायच आले.) थोरले तिलाच भेटायला आले होते. हरल्यावरही आपली आठवण ठेवली म्हणून बिचारा माणूस पहाटेची ट्रेन पकडून आला होता. आत टेबलावर, स्वच्छ छापील अक्षरांत, त्यांचीच पाटी.

धाकट्यांनी ती पाटी पाहिली. मग थोरल्यांना पाहिलं. त्यांच्या मानेवरची शीर मला दारातून दिसत होती. आणि लक्षात घ्या, जहाजाची कल्पना मुळात थोरल्यांची, आणि धाकटे प्रचारात गावोगाव सांगून आले होते की 'त्यांच्या' बोटीचा आपण पुन्हा विचार करू. धाकटे मॅडमना शांतपणे म्हणाले, "हे घडवून आणलंय. जहाज कुणाच्या नावावर आहे ते मला दिसतंय. माझी गाडी बोलवा." थोरले हातातल्या पत्राची घडी घालत होते, उलगडत होते, परत घालत होते. पराभवापेक्षा ते वाईट दिसत होतं.

काकांनी माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. रागाने नव्हे. आता कळलं ना, आडनावं चारच असतात, असं. मग धाकट्यांपुढे जाऊन म्हणाले, "साहेब, चूक आमच्या कार्यालयाची आहे. यादी मी तपासली नाही. दहा मिनिटं द्या, तुमची पाटी लिहून आणतो. पाटीशिवाय आमच्याकडे कुणी बसत नाही." आणि थोरल्यांचा हात धरून म्हणाले, "आणि तुम्ही माझे पाहुणे." भिंतीजवळ काकांची स्वतःची खुर्ची असे, बैठकभर तिच्यावर बसून ते टिपणं घेत. त्या खुर्चीत त्यांनी थोरल्यांना बसवलं. मग पट्टा आवळत जिन्याच्या पायरीवर टेकले आणि खिशातून बोरू काढला.

काकांनी पाटी आणून ठेवली आणि पुढचे तीन तास तो कंबर धरलेला माणूस भिंतीला टेकून उभा राहिला. बाकीची मंडळी एव्हाना बसली होती. त्यांनी आपापल्या छापील पाट्या सवयीने उचलल्या, आत डोकावले, आणि एकमेकांकडे पाहायला लागले, जसं काही जेवणात मीठ नाही. धाकट्यांनी मात्र आपली पाटी उचलली आणि ठेवलीच नाही. पाहत राहिले. मी इकडे जीव मुठीत धरून, की माझ्या नादात काकांनीही नाव चुकवलं की काय! मग धाकटे खुर्चीत वळले आणि भिंतीजवळच्या थोरल्यांना त्यांच्या बेटाच्या भाषेत काहीतरी विचारलं. छोटासा प्रश्न होता. थोरले आधी दचकले, मग पोट हलवत हसले आणि दोन शब्दांत उत्तर दिलं. धाकट्यांच्या सोबत आलेला अधिकारी खाली मान घालून हसला. काय विचारलं, काय सांगितलं, मला आजतागायत ठाऊक नाही. मी त्यासाठी एक वर्षाचा पगार द्यायला तयार आहे. दुपारी एक वाजता नवांनीही सह्या केल्या. धाकट्यांनी जाताना आपली पाटी कोटाच्या आतल्या खिशात घातली. काकांनी ती परत मागितली नाही.

घरी येताना ट्रेनमध्ये मी म्हणालो, "काका, तुम्ही माझी चूक तुमच्यावर का घेतली?" काका म्हणाले, "तुझा व्हिसा आहे. माझी कंबर आहे. कमरेला कोण बोलणार?" मी उद्या मॅडमना खरं सांगतो म्हणालो. सांगितलं नाही. हे आत्ता, इथे, पहिल्यांदा सांगतोय. "त्यांनी पाटीत काय पाहिलं ते तरी सांगा," मी म्हणालो. काका डोळे मिटून म्हणाले, "शाई वाळली का ते."

पुढच्या वर्षी मी नोकरी बदलून नॉटिंगहॅमला आलो, काका निवृत्त झाले. दर रविवारी फोन व्हायचा आणि दर रविवारी मी शेवटी तोच प्रश्न विचारायचो. तो आमच्यातला एक खेळच झाला. गेल्या नाताळात भेटलो तेव्हा आवाज बारीक झाला होता त्यांचा. निघताना दारात म्हणाले, "एवढं कुतूहल आहे तर दोन वर्षं रोज समोर होती, उचलून का नाही पाहिलीस?" मला वाटलं, औषधांमुळे बोलताहेत काहीतरी. तीच शेवटची भेट.

अंत्यविधीचा हॉल अर्ध्या तासासाठी मिळाला होता. इंग्रजांच्या देशात शोकालाही टाइम-स्लॉट असतो. काकूंनी सगळ्यांत शेवटी पुढे होऊन काकांच्या हाताशी काहीतरी ठेवलं. टेबलावरची त्यांची पाटी. घरी परतल्यावर, ओळखीची मंडळी गेल्यावर, काकूंनी तो पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. कुलूप नव्हतं. "घे बाबा, बघ एकदाचं. सहा वर्षं फोनवर त्यांचं डोकं खाल्लंस."

पाट्याच पाट्या होत्या. एक उचलली, घडी उलगडली. आत, पाटीच्या पोटात, बोरूच्या बारीक अक्षरांत एकाखाली एक नावं. त्या देशाच्या त्या खुर्चीत आधी बसलेल्या सगळ्यांची, क्रमाने. हरलेले, पाडलेले, वारलेले, रुसून गेलेले, कुणी गाळलेला नाही. सगळ्यांत खाली आता बसलेल्याचं नाव. आणि त्याच्याखाली पेन्सिलीने ओढलेली एक रिकामी रेघ... बसण्याआधी डोकावायचे ते हे. मी छापलेल्या पाट्यांच्या पोटात काहीच नव्हतं!

डब्याच्या तळाशी एक परदेशी टपालाचं पाकीट होतं. त्यात धाकट्यांची पाटी, कोपरे मऊ पडलेली. आत पाच नावं काकांच्या हातची. चौथं थोरल्यांचं, पाचवं धाकट्यांचं. आणि रिकाम्या रेघेवर निळ्या बॉलपेनने, कुणा मास्तराच्या वळणदार अक्षरात, सहावं नाव. धाकटे निवडणूक हरले होते. आपल्याला हरवणाऱ्याचं नाव त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून पाटी काकांना परत पाठवली होती. सोबत दोन ओळी: "रेघ भरली. बोट चालू आहे. उशिरा येते, पण येते." काकू म्हणाल्या, "हे पत्र आलं त्या दिवशी दोनदा जेवले."

मग मी कपाट उघडलं आणि माझी पाटी शोधली. आमटीच्या डागासकट काकूंनी ठेवली होती. आत माझ्या आधी वरच्या खोलीत राहून गेलेल्यांची नावं. लेस्टरला दुकान काढलेला शहा, नर्सिंग करणारी कुंदा, आणखी दोघं. दोन वर्षं मी त्यांच्यावर चष्मा वाळत घातला होता.

"आता कागद काढ," काकू म्हणाल्या. मी चोरासारखं पाकीट बाहेर काढलं. काकूंनी कागद उजेडात धरला, त्यात त्यांचा चेहरा दिसला, आणि सबंध दिवसात पहिल्यांदा त्या हसल्या. "सांगितलं होतं ना रे तुला, चकचकीत नको!" मी म्हणालो, "उद्या बदलून आणतो." तर म्हणाल्या, "उद्या नाही. आज जेवायला बसायचंय. खुर्ची रिकामी ठेवलेली त्यांना चालायची नाही. आज तू बस तिथे, पुढे दुसरं कुणी बसेल."

मी काकांचा बोरू घेतला. माझं अक्षर कसं आहे ते माझ्या बँकेला विचारा. वर माझं नाव लिहिलं. आत पहिलं नाव काकूंनी सांगितलं, ज्या आयरिश बाईंकडून हे घर आणि हे टेबल घेतलं त्यांचं. काकांच्या पाटीत तेच होतं म्हणे. त्याखाली मी सावकाश, जीभ बाहेर काढून, लिहिलं: सदाशिव खांबेटे. त्याखाली: मिलिंद. आणि पेन्सिलीने एक रेघ.

त्याला आता पाच आठवडे झाले. काकूंना एकटं वाटू नये म्हणून मी शनिवारी हाउन्सलोला जातो, निदान कारण तरी ते सांगतो. पण त्या पहिल्या दिवशी, पाटी लिहून होताच ताटावर बसलो आणि वाढायच्या आधी पाटी उचलून आत पाहत राहिलो. बराच वेळ पाहत असेन, कारण काकू आमटीची वाटी हातात घेऊन थांबल्या होत्या.

"काय बघतोयस एवढं?"

"शाई वाळली का ते बघतोय," मी म्हणालो.

काकूंनी वाटी ठेवली, माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि बोट लावलं. बोटाला काळं लागलं. "नाही वाळली अजून," त्या म्हणाल्या.